टेंपररी शेत

जुनी डिक्शनरी उघडली की मला अजून खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलाचा वास येतो. मी मॅट्रिकला होते. साहेबाने दिलेला, शेत ताब्यात घेण्याचा सरकारी कागद चिखलाच्या हातात घेऊन बाबा शेताच्या बांधावरून थेट घरी आले. "टेंपररी म्हंजे काय गो?"

मी डिक्शनरी उघडून ऐटीत सांगितलं, "तात्पुरतं. मूळ लॅटिन, अर्थ काळ."

"मंग शेत परत मिलंल," म्हणत त्यांनी अंगठा उठवला.

शेताला तारांचं कुंपण पडलं. तरी खारं पाणी शिरून जमीन नासू नये म्हणून बाबा दर उन्हाळ्यात बाहेरून तिचा बांध लिंपत राहिले, मरेपर्यंत. शेत मिळालं नाही.

त्या साहेबाचा राग येतोच. त्याहून माझा येतो. किती काळ, हे विचारल्याशिवाय अंगठा देऊ नका, एवढं सांगायला कुठली डिक्शनरी लागत होती?