जुन्या गेअरची सायकल

लातुरात औसा रोडवरच्या दुकानात मी माझी जुनी गेअरची सायकल नेली. एक गेअर पडत नव्हता, एवढंच. "असले गेअर आता येत न्हाईत. काढून टाकू, साधं चाक बसवतो," म्हणत दुकानदारानं मला न विचारताच छन्नीवर हातोडा घातला. निघालेल्या दातेरी चकत्या गुपचूप आपल्या डब्यात टाकल्या. माझं टाळकं सटकलं. मी त्याची कॉलर धरली, त्यानं हातातली चेन फिरवली आणि माझा गाल फाटला. लोकांनी आम्हाला सोडवलं.

रक्त पुसताना भिंतीला टेकवलेली त्याची स्वतःची सायकल दिसली. तिलाही हेच गेअर होते, आमच्यासारख्यांच्या सायकलींचे भाग काढून चालते ठेवलेले. मी हातोडा उचलला आणि ते ठेचून काढले.

आता लातुरात असले गेअर खरंच मिळत नाहीत.