बुटांवरच्या सपाता

पोलंडला मुलीकडे गेले होते, तेव्हा तिनं मला एका खेड्यातला जमीनदाराचा जुना बंगला दाखवायला नेलं. त्या जमीनदाराच्या पणजोबांनी लावलेल्या लिंडनच्या उंच झाडांमधून चालत आम्ही दाराशी पोचलो आणि मी सवयीनं बूट काढून ठेवले.

दाराशी एक म्हाताऱ्या बाई होत्या. बंगला दाखवायचं काम त्यांचं. आतल्या लाकडी जमिनीवर चरे पडू नयेत म्हणून तिथे पाहुण्यांना बुटांवरून लोकरीच्या जाड सपाता चढवायला देतात. माझे पाय पाहून बाई एकदम उठल्याच आणि भराभर काहीतरी बोलल्या.

मुलगी हळूच म्हणाली, "आई, बूट घाल बघू. त्यांची आई इथे मोलकरीण होती. तिला घरात अनवाणीच वावरावं लागायचं. त्या म्हणतायत, आता या घरात कुणीही अनवाणी चालायचं नाही."

मी निमूटपणे बूट घातले, वर सपाता चढवल्या. मालक युद्धात परागंदा झाले, मग इथे शाळा भरली, आता संग्रहालय आहे, असं मुलगी सांगत होती. मला मात्र आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या सुमनच्या चपला दिसत होत्या, मागच्या दाराशी काढलेल्या. मी देवळात काढते त्या चपला वेगळ्या आणि या वेगळ्या, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात बाई पुढे निघाल्या. त्यांच्या बुटांवर सपाता नव्हत्या. त्या चकचकीत जमिनीवर टाचा वाजवत त्या दिवाणखान्याच्या मधोमध चालत गेल्या.