आठ दिवसांचं कार्ड

वळसंगच्या घरी कॅमेरा बसवायचं ठरलं ते गल्लीतल्या एका घराचं कुलूप तुटल्यावर. ते कुटुंब लग्नाला गेलं होतं. चोरांनी पितळेची दोन पातेली आणि पाण्याची मोटर नेली. आमच्या घरी आई एकटीच राहत होती, वय एकोणऐंशी. मी सोलापुरात, एका वर्तमानपत्राच्या संपादकीय विभागात. एसटीने तासाभराच्या आत पोचता येतं, तरी माझं जाणं पंधरा दिवसांतून एकदा व्हायचं, रविवारी.

घरी इंटरनेट नव्हतं आणि आईला ते नको होतं. त्यामुळे कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं त्याच्या आतल्या मेमरी कार्डावरच राहणार होतं. कार्ड नीट निवडायला हवं होतं. मी ते नीट निवडलं, असं तेव्हा वाटलं.

नवी पेठेतल्या दुकानात मी अर्धा तास उभा होतो. दुकानदार ओळखीचे, घरी दखनी बोलणारे, गिऱ्हाइकाशी मराठी. मोबाइलचं साधं कार्ड कॅमेऱ्यात चालतं का, हे मी आधी विचारलं. चालतं, पण टिकत नाही, ते म्हणाले. कॅमेरा दिवसभर लिहितो, पुसतो, परत लिहितो. साधं कार्ड वर्षभरात मरतं आणि मेलेलं कळतही नाही. सतत लिहिणं-पुसणं सोसणारी वेगळी कार्डं येतात, ती घ्यावीत. बनावट कार्डावर चौसष्ट जीबी छापलेलं असतं आणि आत आठच निघतात, हेही त्यांनी सांगितलं. मी वेगाचे आकडे विचारले, वॉरंटीच्या अटी वाचल्या, वहीत टिपून घेतलं. मग किती जीबीचं, एवढंच राहिलं.

त्यांनी एकशे अठ्ठावीसचं समोर ठेवलं. महिनाभराचं आरामात राहील म्हणाले. मी बत्तीसचं मागितलं. हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग असं ठेवलं, तर त्यात साधारण आठ दिवस मावणार होते. चोरी झाली तर दुसऱ्या दिवशी कळतेच, महिन्यापूर्वीचं अंगण कोण बघणार, असा माझा हिशेब होता. पैशाचा प्रश्न नव्हता. मी तीस वर्षं मजकूर कापण्याचं काम केलं आहे. चारशे शब्दांची बातमी दीडशेत बसवायची आणि गेलेल्या अडीचशे शब्दांची कुणालाही आठवण येऊ द्यायची नाही. लागेल तेवढंच ठेवायचं, ही सवय दुकानातही सुटली नाही.

"बडा लेव साब," पाकीट बांधताना दुकानदार म्हणाले. "घर की चीज है. भरने दो."

मी बत्तीसचंच घेतलं.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कन्नड. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. पुढे ती वळसंगचं मराठी बोलायला लागली आणि कन्नड उरलं ते देवाशी, जनावरांशी आणि स्वतःशी बोलण्यापुरतं. आम्हा मुलांना ते थोडंफार समजतं, बोलता येत नाही. वडिलांना घरात दोन भाषा नको होत्या. आम्हीही कधी शिकव म्हणालो नाही.

मी पुढच्या दारावर कॅमेरा बसवत होतो तेव्हा ती स्टूल धरून खाली उभी होती.

"ह्यात समदं ऱ्हातंय व्हय?"

राहतं, मी म्हणालो.

"बोललेलं बी?"

"बोललेलंही."

"किती दिस?"

आठ दिवस. त्यानंतर सगळ्यात जुना दिवस पुसून त्याच्या जागी नवा लिहिला जातो, असं मी समजावलं. तिने बोटांवर मोजलं.

"तू येणार पंधरा दिसानं. मग मधलं आठ दिस वाया की. चोराला सांगून ठेव, दुसऱ्या आठवड्यात ये म्हणावं."

मी हसलो. वाया गेलं तरी काही बिघडत नाही, असंही म्हणालो.

पुढच्या खेपेला कार्ड तपासलं तर त्यात सात दिवस आणि काही तासच भरले होते. दारातला लिंब वाऱ्याने हलला की कॅमेरा त्यालाही हालचाल समजायचा. मी आठ सांगितले होते आणि आकडा चुकलेला मला चालत नाही. जागा वाचवायला मी आवाजाचं रेकॉर्डिंग बंद केलं. दुकानदारांना फोन करून विचारलं तर ते म्हणाले, आवाजाने काय फरक पडतो साहेब. तरी केलं. पंधरा दिवसांनी मोजलं, साडेतीन तासांचा फरक पडला होता. आवाज बंदच राहू दिला. अव्वाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

त्यानंतर दीड वर्ष मी ते कार्ड बघितलं नाही. गेलो की कॅमेऱ्याचा दिवा चालू आहे ना, एवढं बघायचो. चोरी झाली नाही.

गेल्या दिवाळीनंतर अव्वा न्हाणीघरात घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण तिला कायमचं सोलापूरला आणावं आणि वळसंगच्या घराला कुलूप लावावं, असं मी आणि बायकोने ठरवलं. मी तिला विचारलं. जबरदस्ती नाही, तू ठरव, पुढच्या रविवारी सांग, असं म्हणालो. ती म्हणाली, "सांगते की."

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. निवडणुकीच्या पुरवण्यांचं काम होतं. त्यानंतरच्या खेपेलाही जमलं नाही. फोन करत होतो, पण अव्वाला फोन म्हणजे लांबच्या माणसाला हाक मारणं वाटायचं. जेवलास का, पोरं बरी हायती का, एवढं ओरडून ती फोन ठेवायची. एकदा मी तिला थांबवून विचारलं, इकडे यायचं काय ठरवलंस.

"सांगितलंय की," ती म्हणाली. "बघितलं न्हाईस व्हय अजून?"

वयामुळे तिचा गोंधळ होतोय, असं मी बायकोला सांगितलं.

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी साडेआठला शेजारच्या वहिनींना अव्वा उंबऱ्याशी बसलेली दिसली. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर निर्जीव. त्यांनी जीपमधून तिला सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, हे कधी सुरू झालं. उपचार त्या तासांवर ठरणार होता. नक्की वेळ कुणालाच सांगता आली नाही.

अव्वा वाचली. पाय थोडा सुधारला. वाचा गेली, एक शब्द सोडून. तो शब्द मराठी नव्हता. "हौदु", म्हणजे कन्नडमध्ये "हो". डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द मागे राहतो आणि काहीही विचारलं तरी तोच बाहेर येतो. पाणी हवं का, हौदु. दुखतंय का, हौदु. आलेल्या माणसालाही हौदु आणि निघालेल्यालाही.

चौथ्या दिवशी मी तिची लुगडी आणायला वळसंगला गेलो. कॅमेरा चालूच होता. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. झटका कधी आला ती वेळ मला हवी होती. मिळाली. सहा वाजून चाळीस मिनिटांनी ती तांब्या घेऊन बाहेर येते आणि तिचा उजवा पाय घासत येतो. मी ती वेळ लिहून ठेवली. त्या वेळेचा आता कुणालाही उपयोग नव्हता.

मग मी मागे मागे जाऊन बघत गेलो. त्याच्या तीन दिवस आधी, गावच्या बाजाराच्या दिवशी, ती बाजारातून परत येते. पिशवी भिंतीला टेकवून ठेवते, पदर सारखा करते, कॅमेऱ्याखाली येऊन उभी राहते आणि वर बघून बोलायला लागते. दोन मिनिटं अकरा सेकंद बोलते. मध्ये एकदा घराकडे हात करते, एकदा लिंबाकडे. आवाज नाही.

वहिनी माझ्या मागे उभ्या होत्या.

"दर बाजाराला असंच, भावजी," त्या म्हणाल्या. "मी इचारलं एकदा, कुणासंगं बोलताय म्हणून. तर म्हणल्या, लेकासंगं. आठ दिसात पुसतंय ते, म्हणून परत परत सांगाय लागतंय."

काय सांगायच्या, मी विचारलं.

"मला ऐकू द्यायच्या न्हाईत. पयलं त्येला ऐकू दे म्हणायच्या."

दीड वर्षात सत्तरएक बाजार झाले असतील. त्यांतला एक कार्डावर होता. मी एक-दोन दिवस उशिरा गेलो असतो तर तोही पुसला गेला असता.

मूकबधिरांच्या शाळेत शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना ते चित्रीकरण दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं. कॅमेरा वरून बघतो, ओठ नीट दिसत नाहीत, म्हणाल्या. शिवाय आई कुठल्या भाषेत बोलताहेत, हे त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. शेवटच्या शब्दाला ओठ मिटून उघडतात, म्हणजे सुरुवात "ब"ने असावी, इतकंच त्यांना दिसलं. पुढचं दिसत नाही, कारण तेवढ्यात अव्वा पदराने तोंड पुसते. ती मराठीत बोलत असेल तर तो शब्द "बरं" असेल. हितंच बरं. कन्नडमध्ये असेल तर "बर्तीनी" असेल, म्हणजे "येते".

अव्वा आता आमच्याकडे आहे. वळसंगच्या घराला कुलूप आहे. ते काढायचं की राहू द्यायचं, हे ठरवायचं राहिलं आहे.

मागच्या आठवड्यात मी लॅपटॉप तिच्या पलंगावर ठेवून तिला ते लावून दाखवलं. तिने स्वतःला लगेच ओळखलं. पडद्यावरच्या बाईने पदर सारखा केला तेव्हा हिनेही डाव्या हाताने केला. संपल्यावर मी विचारलं, "अव्वा, वळसंगलाच राहायचं म्हणत होतीस का?"

"हौदु."

"का इकडे येते म्हणत होतीस?"

"हौदु."

तिने पडद्याकडे बोट केलं. मी परत लावलं. दोन मिनिटं अकरा सेकंद ती स्वतःचं बोलणं मान हलवत बघत राहिली, जणू तिला ते ऐकू येत होतं. मग माझ्याकडे बघून थांबली. निरोप पोचला, आता उत्तर माझ्याकडून यायचं आहे, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"ऐकलं, अव्वा," मी म्हणालो.

"हौदु," ती म्हणाली आणि डोळे मिटून पडली.