स्वल्प शॉक

"सेट फर्स्ट क्लास आहे, सार. फक्त स्वल्प शॉक होडियुत्ते," रंगप्पा म्हणाला. म्हणजे थोडासा शॉक बसतो. बंगळुरात 'स्वल्प'मध्ये काहीही मावतं. स्वल्प उशीर अर्ध्या दिवसाचाही असतो.

रंगप्पा नदीकाठच्या चौकीवरचा वायरलेस ऑपरेटर. वरून पुराचा निरोप आला की खालच्या गावांना उठवायचं काम त्याचं. साठच्या दशकात आमच्या कारखान्याने ट्रान्झिस्टरचा नवा पॉवर सप्लाय केला, तो ट्रायलसाठी त्याच्या सेटला जोडला होता; आज रंगप्पा सेटसकट कारखान्यात आला होता. हा सप्लाय करंट सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो, म्हणून फारसा तापत नाही. पण त्या तोडजोडीची खरखर रेडिओत शिरते. ती घालवायला आम्ही बाहेरून येणाऱ्या मेन्सच्या तारांपासून सप्लायच्या धातूच्या डब्याला कपॅसिटर लावले होते: दोन धातूंमध्ये अडसर, पण वेगवान खरखर त्यातून पार होते. खरखर डब्यात उतरते, तिथून अर्थच्या तारेने जमिनीत. मात्र त्याच वाटेने मेन्सचा करंटही गळतो. अर्थिंग धड नसेल तर तो माणसातून जातो.

"मग तू करतोस काय?" कमलाक्कांनी विचारलं. त्या टेस्टिंगच्या प्रमुख. बेळगावच्या, बी.ई. झालेल्या आणि सगळ्या कारखान्याच्या अक्का.

"फळीवर पाय ठेवतो, अक्का. अ‍ॅडजस्ट झालंय."

वर्क्स मॅनेजर मूर्तींना हायसं वाटलं. पावसाळ्याआधी सगळा लॉट पाठवायचा होता. "अर्थिंग ही कस्टमरची जबाबदारी," ते म्हणाले.

"उन्हाळ्यात अर्थचा खड्डा वाळला की कसलं अर्थिंग, सर? आणि चौकीत पाणी शिरलं की फळी पण भिजणार की." अक्कांनी लॉटवर सही करायला साफ नकार दिला.

डिझाइन माझं, म्हणून मी कपॅसिटर लहान केले. शॉक गेला, खरखर परत आली. रंगप्पाचा चेहरा उतरला. "शॉक राहू दे, सार. गेल्या पुरात मला निरोप अर्धाच कळला होता."

मग अक्का म्हणाल्या, "खरखर घालवायची कशी ते सोडा. डब्यात येत्येय कुठनं, ते बघू की."

झाकण काढलं. ट्रान्झिस्टर डब्याच्याच पत्र्यावर बसवलेला, मध्ये अभ्रकाची पातळ चकती. तिच्यातून उष्णता जाते, वीज अडते. अक्का बघत राहिल्या आणि हसल्या. "दोन धातू, मध्ये अभ्रक. हा कपॅसिटरच झाला की. कुणी न मागता बसलेला."

आम्हीच खरखर डब्यात ओतत होतो आणि आम्हीच उपसत होतो. बाईंच्या नजरेला मी मनोमन हात जोडले. ट्रान्झिस्टर वेगळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर, डब्यापासून दूर नेला. मेन्सच्या तारांवर खरखर अडवायला चोक, म्हणजे तारेचं वेटोळं घातलं. आता लहान कपॅसिटर पुरले.

अक्कांनी अर्थची तार काढून गळती मीटरवर मोजली. मग चपला काढल्या, ओल्या फरशीवर उभ्या राहिल्या आणि डब्यावर हात ठेवला. मूर्तींनीही बूट-मोजे काढले आणि शेजारी उभे राहिले. पुढे लॉट उशिरा गेला. वरच्यांची बोलणी त्यांनी एकट्याने खाल्ली, अक्कांचं नाव पुढे केलं नाही.

त्या दिवशी शेवटी रंगप्पा अनवाणी उभा राहिला. कानाला हेडफोन, डब्यावर तळवा.

"काय वाटतं?" अक्कांनी विचारलं.

"येनू इल्ला, अक्का." काहीच नाही. मग तो हेडफोन कानाशी दाबून ऐकत राहिला, आणि हात काढायचं विसरूनच गेला.

आमच्या धंद्यात काम उत्तम झालं की सांगण्यासारखं काही उरत नाही.