राहिलेली हळद

रियाधमधल्या आमच्या कोकणी मंडळाची मी सेक्रेटरी आहे आणि मला राग लवकर येतो. दुसऱ्या गोष्टीमुळेच पहिली माझ्या गळ्यात पडली असावी. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आलेल्या मुसलमान कुटुंबांचं हे मंडळ. सभासद व्हायचं तर अर्जावर आपलं गाव लिहायचं, एवढीच अट. इथे जन्मलेल्या आमच्या मुली त्या रकान्यात खुशाल 'रियाध' लिहितात आणि वर हिंदीत विचारतात, "इसमें गलत क्या है?" माझी मुलगी त्यात सगळ्यात पुढे.

आमच्या गावांकडे हळदीला बायका गाणी म्हणतात. ती कुठे लिहिलेली नाहीत. आमच्या मंडळात ती सगळी एकाच बाईला येत होती. तिला आम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. गेल्या वर्षी खालांच्या मुलाची नोकरी संपली आणि कुटुंबाच्या पासपोर्टवर कायमचा एक्झिट, म्हणजे देश सोडून जायचा शिक्का, लागला. महिन्याभरात त्या निघणार होत्या आणि गाणीही त्यांच्याबरोबर जाणार होती. मला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं.

मी मोबाइल घेऊन त्यांच्या घरी गेले. म्हटलं, खाला, फक्त गा, बाकीचं आम्ही बघतो. त्यांनी सांदणांची बशी पुढे सरकवली आणि मान हलवली. "नवरी नाय तं हलद कसली? रिकाम्या पाटापुढं गाणी म्हणत नाय गो. अपशकुन व्हतो."

त्या महिन्यात मंडळात एकही लग्न नव्हतं. होती ती सगळी गावी जाऊन व्हायची, कारण हॉल तिकडे, नातेवाईक तिकडे. मग मी डोकं चालवलं. एका सभासदाच्या मुलीला पिवळी ओढणी घातली, पाटावर बसवली, भोवती दहा-बारा मुली जमवल्या आणि खालांना बोलावलं. त्यांनी दारातूनच बघितलं. "खोटी नवरी? उद्या या पोरीचं खरं लगीन अडलं तं तू येशील तोडगा काढायला?" पोरीच्या आईने घाबरून ओढणी ओढून काढली. माझी फजिती सगळ्या मुलींनी डोळे भरून पाहिली.

मग माझा ताबा सुटला. मी ओरडले, "शकुन, शकुन काय लावलंय, खाला! मला तरी कुठे हळद लागली होती? काय वाईट झालं माझं?"

हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. माझा निकाह फोनवर झाला. नवरा इथे, त्याला सुट्टी नाही, व्हिसाच्या कागदांना निकाहनामा हवा. चार दिवसांत सगळं उरकलं. अम्मी म्हणाली, हळद तो आला की करू. तो यायच्या आधी व्हिसाच आला. मी विमानात बसले ती कोऱ्या हातांनी. अम्मी आता नाही. वाईट काही झालं नाही हे खरंच, पण दुसऱ्याच्या हळदीला मी नेहमी स्वयंपाकघरात काम काढून बसते हेही खरं.

खाला दारातून आत आल्या. "म्हंजे तुजी हलद बाकी हाय?"

"खाला, माझी मुलगी कॉलेजात जाते!"

"मंग काय झालं? बाकी ती बाकी. बस पाटावर."

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो हसून हसून खोकायला लागला. म्हणाला, "मला पण लावणार का?" मी म्हटलं, तुम्ही सुट्टी काढा आधी.

पुढचे तीन शुक्रवार मुली खालांकडे जात होत्या. नवरी ठरली होती, त्यामुळे आता शिकवायला हरकत नव्हती. कोणी मेट्रोने यायची, कोणी बापाला गाडी काढायला लावून. चौथ्या शुक्रवारी शहराबाहेर एक इस्तिराहा, म्हणजे समारंभांना दिवसाच्या भाड्याने मिळणारं घर, घेतला; त्यात बायकांचा भाग वेगळा. मला पाटावर बसवलं. गालांना हळद लागली तेव्हा मला लाज वाटली, आणि मग फार बरं वाटलं.

एक गाणं असं आहे की त्यात हळदीला कुठून कुठून कोण आलं ते सांगायचं. एका गावाहून मामी, दुसऱ्या गावाहून आत्या. माझ्या मुलीने ते उचललं, बाकीच्या मागे. गावं संपली. खालांनी पाण्याचा ग्लास हातात घेतला. पण माझी मुलगी थांबेना. तिने त्याच चालीवर घेतलं, हफ्र अल बातिनवरून चाची आली. ती चाची खरंच इथल्या त्या सौदी शहरातून पाच तास गाडीने आली होती, समोरच बसली होती.

बाकीच्या मुलींनी खालांकडे बघितलं. गाण्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी खाला हात उगारायच्या. मुलीचा चेहरा उतरला. मी पाटावरून उठणारच होते भांडायला.

खालांनी ग्लास खाली ठेवला. कोपऱ्यात बसलेल्या एका बाईकडे बोट दाखवून त्या मुलीवर खेकसल्या, "आन ही अल खर्जवाली? हिला कोण घेणार? पाव्हणीला वगळतात काय गो?"

आणि पुढची ओळ त्यांनी स्वतःच धरली. अल खर्जवरून बहीण आली. वीस-बावीस मुलींचा आवाज असा उठला की बाहेर पुरुषांचं बोलणं थांबलं. मी हमसून हमसून रडले. नवरीने रडायचंच असतं, म्हणून मला कोणी गप्प केलं नाही.