कांबळे बाई आणि किन्नर

कांबळे बाईंकडे साखर मागायला गेलात तर रिकाम्या वाटीने परतण्याचीच शक्यता दाट. तोंडातून शब्द निसटला की बाई दारातच पकडायच्या. "बाई, पार वैतागलो बघा," असं मी एकदा म्हणालो. "वैताग म्हणजे काय रे? आला कुठून?" मला काय माहीत! त्या दिवशी घरात सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायला.

बाई मूळच्या लातूरकडच्या. म्युनिसिपल शाळेत जन्मभर मराठी शिकवलं आणि निवृत्त होऊन विक्रोळीत आमच्या समोरच्या दारात येऊन आम्हाला शिकवायला लागल्या. नवरा गेल्यावर त्यांनी आतली खोली शोभाला दिली. शोभा मॉलमध्ये मेकअपच्या काउंटरवर कामाला होती, आणि किन्नर होती. तिला कुणी घर देत नव्हतं. आधीच्या जागेतून तर सामानासकट जिन्यावर काढलेलं. झालं, आमच्याही सोसायटीत बोंबाबोंब. सेक्रेटरी परब, मालवणचे आणि भलते तापट, मीटिंगला ठराव घेऊनच उभे राहिले. "किन्नर भाडेकरू चालणार नाही. शोभाने खोली सोडावी."

बाई उठल्या. "परब, किन्नर म्हणजे काय?"

परब गडबडले. "पुराणातला तो. तोंड घोड्याचं, अंग माणसाचं. देवांकडे गातो."

"अर्धे मार्क. आमच्या लेण्यांत तो वरून माणूस नि खालून पक्षी असतो. घोडा की पक्षी, इथेच एकमत नाही. आणि शब्द फोडलास तर किं नर. हा माणूस आहे का? म्हणजे ज्याने शब्द केला त्यालाच कळेना, आणि तू रे कुठला शहाणा, हात वर करून ठरवायला निघालास?"

सगळे खो खो हसले. परब लालबुंद. "बाई, ते पुस्तकातलं झालं. इथे लहान पोरं राहतात!"

"पोरं? नातू झाला तेव्हा आशीर्वादाला किन्नरांना फोन करून कुणी बोलावलं? तूच ना? त्यांनी पोराला मांडीवर घेऊन नाचवलं, तू पाया पडलास. मांडीवर चालतं, आणि लिफ्टमध्ये चालत नाही होय रे?"

"हो ना, पप्पा," परबांची सून मागून म्हणाली. ठराव घडी होऊन खिशात गेला.

शोभा राहिली. ती बाईंच्या भुवया कोरायची, बाई तिची बाराखडी घोटून घ्यायच्या. "भुवईत काय कोरतेस, अक्षर कोर!" परब मात्र लिफ्टमध्ये शोभा दिसली की भिंतीकडे तोंड करून उभे. दोन मजल्यांसाठी केवढा तो अभिमान!

गेल्या वर्षी बाईंना अटॅक आला. गाडी फक्त परबांकडे, म्हणून त्यांनीच आम्हाला हॉस्पिटलात नेलं. स्ट्रेचरवर बाईंनी शोभाचा हात घट्ट धरलेला. दारात गार्डने तिला अडवलं. "घरचेच आत. ही कोण?"

शोभा हात सोडवायला लागली. मी तोंड उघडणार, तोच परब मालवणीत कडाडले, "ता आमचा माणूस आसा! तेका आत सोड!"

गार्डला शब्द कळले नसावेत, आवाज कळला. तो बाजूला झाला आणि शोभा आत गेली.

संध्याकाळी बाई गेल्या. परबांचं ते बोलणं त्यांनी ऐकलं असेल ना, हे विचारायला आता समोरच्या दारात बाई नाहीत. ऐकलं असावं, अशी माझी फार फार इच्छा आहे.