गाण्यांची ओळख लिहिणाऱ्या यमुनाबाई

प्रा. यमुनाबाई वासेकर यांची आणि माझी पहिली भेट ब्रह्मपुरीला, एका नाटक मंडळीच्या तालमीत झाली. मी मूळचा पोंभुर्ण्याचा. मंडळीत ढोलकी वाजवायचो. दुपारची तालीम आटोपल्यावर बाई खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या महाविद्यालयात संगीत शिकवतात, एवढंच मला ठाऊक होतं. दंडारीच्या गाण्याला मी धरलेल्या ठेक्याचं नाव त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाव नाई बाई, असंच वाजवतो."

"असंच कोणी वाजवत नाई," त्या म्हणाल्या. "तुले कोणी शिकवलं ते सांग."

मी मामांचं नाव सांगितलं. पुढच्याच रविवारी बाई माझ्यासोबत जीपमध्ये बसून मामांच्या गावी आल्या. दंडार म्हणजे आमच्या भागातला गाण्याचा, नाचाचा आणि सोंगांचा खेळ. मामांची हयात त्यात गेली होती. बाईंनी आम्हा दोघांना शेजारी बसवून वाजवायला लावलं. माझा हात मामांच्या हातापेक्षा कुठे वेगळा पडतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी बाईंचा विद्यार्थी झालो तो आजतागायत.

बाईंचं माहेर चामोर्शीकडे, धानाची शेती करणाऱ्या घरात. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायकांची गाणी त्यांनी आईच्या मागे बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उभं राहून ऐकली आणि पुढे रीतसर संगीत शिकल्यावरही ती कमी प्रतीची मानली नाहीत. म्हणूनच निवृत्तीनंतर एका संगणक कंपनीचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा आम्हा ओळखीच्यांना नवल वाटलं नाही. ही कंपनी सांगेल तसं गाणं रचून देणारं यंत्र तयार करत होती. त्या यंत्राला आधार म्हणून गीतप्रकारांचा संदर्भसंग्रह हवा होता: कोणतं गाणं कोण म्हणतं, कधी म्हणतं, चाल कशी, वाद्यं कोणती, आणि जोडीला नमुन्याचं ध्वनिमुद्रण. काम सुरू होण्याआधी आम्ही त्या यंत्राकडे रोवणीचं गाणं मागून पाहिलं. त्यानं सनई-ताशांसह लग्नाची वरात काढून दिली. आम्ही पोट धरून हसलो. बाई म्हणाल्या, त्याला कोणी सांगितलंच नाही तर त्याला कशाला हसायचं? आणि त्यांनी ते काम अंगावर घेतलं. एव्हाना मी छोटा ध्वनिमुद्रण स्टुडिओ काढला होता, म्हणून ध्वनिमुद्रण माझ्याकडे, गोंडी भाषेची बाजू धानोऱ्याच्या निवृत्त कोरेटी गुरुजींकडे, आणि लिहिणं बाईंकडे.

ज्यांचं गाणं त्यांना विचारल्याखेरीज त्याची ओळख लिहायची नाही, हा बाईंचा नेम. कंपनीच्या तक्त्यात भीमगीतं 'भक्तिगीत' या रकान्यात होती. माझे वडील आयुष्यभर भीमगीतं गात आले आहेत. बाई मुद्दाम पोंभुर्ण्याला आल्या, आमच्या घरी जेवल्या आणि वडिलांना विचारलं, "भाऊ, ह्याले भक्ती म्हणावं का?"

वडिलांनी थोडा विचार केला. "भजनात देवाले मागतात," ते म्हणाले. "आमी कोणाले काई मागत नाई, बाई. आमी लोकायले सांगतो."

बाईंनी भीमगीतांसाठी वेगळा रकाना करवून घेतला आणि त्याची व्याख्या वडिलांच्या या वाक्यावरच उभी केली. ती वडिलांना वाचून दाखवली. पेटी पुढे ओढून त्यांनी बाईंना एक गाणं ऐकवलं.

बाईंचा मायेचा हात माझ्यावर अनेकदा फिरला आहे, पण एक प्रसंग सांगतोच. कंपनीबरोबर संगणकावरून बैठका व्हायच्या. एकदा माझ्या 'मले-तुले'वर पलीकडे कोणीतरी हसलं आणि मी बोलणंच थांबवलं. बाईंच्या ते लक्षात आलं. एरवी बैठकीत छापील मराठी बोलणाऱ्या बाई पुढच्या खेपेस सुरुवातीपासून शेवटपर्यंत आमच्या पूर्व विदर्भाच्या झाडीबोलीतच बोलल्या. "समजलं नाई तर विचारा," असं त्यांनी शांतपणे सांगून ठेवलं. लोकांनी विचारलं, बाईंनी समजावलं. त्या दिवसापासून माझी जीभ कधी अडखळली नाही.

या कामातली खरी कसोटी मात्र मैनाबाईंच्या गाण्यानं पाहिली. धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावात राहणाऱ्या मैनाबाई गोंडी रेला गाणी फार सुरेख म्हणतात. रेला म्हणजे फेर धरून नाचताना म्हणायची गाणी. ध्वनिमुद्रणाच्या शेवटी त्यांनी आपणहून आणखी एक गाणं म्हटलं, माणूस गेल्यावर म्हणायचं. ते ऐकताना कोरेटी गुरुजींनी मान खाली घातली ती वर केली नाही. इतर मुद्रणांबरोबर तेही कंपनीकडे गेलं आणि तिथे सगळ्यांना तेच अधिक आवडलं.

लिहिलेली ओळख वाचून दाखवायला आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. यंत्र पुढे काय करणार, हे बाईंनी नीट सांगितलं. गुरुजींनी ते गोंडीत समजावलं. मैनाबाई मराठीत बाईंना म्हणाल्या, "नाचाचं बनवू दे. लग्नाचं बनवू दे. मेल्याचं नको. कोणी मेलं नसताना ते म्हणत नाई."

बाईंनी विचारलं, मग त्या दिवशी कसं म्हटलंत?

"भाऊ गेला होता माहा," मैनाबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी म्हटलं."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बैठकीत बाईंनी ते गाणं परत मागितलं. कंपनीचा माणूस आधी समजावत राहिला, मग म्हणाला की करार झाला आहे, आणि असंच चाललं तर पुढचं काम देणं अवघड होईल. मी आणि गुरुजी शेजारीच बसलो होतो. आमची बरीचशी मिळकत या कामावर होती, हे बाई जाणून होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. गुरुजींनी मान हलवली, मग मीही. बाई म्हणाल्या, "मग आमचं सगळंच परत करा."

त्यानंतर कंपनीकडून काही कळेना. ते दिवस जड गेले. बाई मात्र रोज सकाळी माझ्या स्टुडिओत येऊन उरलेल्या गाण्यांच्या ओळखी लिहीत बसत. शेवटी कंपनीत या संग्रहाचं काम पाहणाऱ्या विभागाच्या प्रमुख बाईंचाच फोन आला. त्यांनी वाद घातला नाही. काय करता येईल, असं विचारलं. यमुनाबाईंनी वाट सांगितली: मुद्रण काढून टाका, पण प्रकाराचं नाव आणि माहिती राहू द्या. कोणी असं गाणं मागितलं तर यंत्रानं ते काय असतं हे सांगावं, आणि ते रचून देत नाही हेही सांगावं. प्रमुख बाईंनी ते मान्य केलं. पुढे त्यांनीच इतर प्रांतांत काम करणाऱ्यांना विचारायला सुरुवात केली, की तुमच्याकडे अशी गाणी कोणती? आता संग्रहात 'न रचायची गाणी' असा स्वतंत्र विभाग आहे. त्याची प्रस्तावना यमुनाबाईंची आहे. मैनाबाईंच्या रेल्याची ओळख त्यांच्या नावानिशी आहे, आणि ते दुसरं मुद्रण आता फक्त त्यांच्याकडे आहे.

बाईंना पंचाहत्तरावं वर्ष लागलं आहे. तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याकडची गाणी अजून संग्रहात यायची आहेत. तिकडच्या गायकांशी दुभाष्याशिवाय बोलता यावं म्हणून बाईंनी तेलुगू शिकायला घेतलं आहे. शिकवणाऱ्या मुलीशी त्यांचे उच्चारांवरून रोज खटके उडतात. अजून तरी ते मराठीतच. बाईंचे कान असेच तीक्ष्ण राहोत, जीपच्या प्रवासाला गुडघ्यांची साथ मिळो, आणि तेलुगूतही मनसोक्त भांडता येईल इतकं उदंड, निरोगी आयुष्य त्यांना लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा.